ट्रॅक डेसाठी जुनी रोटरी घ्यायची तर: आरएक्स-७ की आरएक्स-८?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुक्काम न्यू जर्सीत. ऑफिसला जायला वेगळी गाडी आहे. वर्षातून चार-पाच ट्रॅक डे (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचे दिवस) करायचेत, त्यासाठी जुनी माझ्दा रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनाची गाडी हवी. बजेट १० ते १२ हजार डॉलर. घरी गॅरेज आहे आणि साधी हत्यारं आहेत. कोणती घ्यावी? आणि पुण्याला कायमचं परतताना ती सोबत नेता येईल का?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. मॅन्युअल गिअरबॉक्सची आरएक्स-८ घ्या, पण इंजिनाचं कॉम्प्रेशन (आतली हवा दाबून धरण्याची ताकद) रोटरी टेस्टरने मोजल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. हाताने काम करण्याची खरोखर आवड असेल तर १९८९ ते १९९१ ची, टर्बो नसलेली आरएक्स-७ हा दुसरा पर्याय. आणि १२ हजारांतले निम्मेच गाडीवर घाला. रोटरीत इंजिन हा झिजणारा भाग धरायचा. जाणत्या माणसाकडून ते पुन्हा बांधून घ्यायला साधारण ५ हजार डॉलरपासून पुढे मोजावे लागतात. ते पैसे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवता येत नसतील तर मियाटा (माझ्दाचीच, पिस्टन इंजिनाची छोटी स्पोर्ट्स गाडी) घ्या. हे टोमणा म्हणून म्हणत नाही, तीही उत्तम गाडी आहे.

रोटरी मरते कशी हे कळलं की निवड निम्मी सोपी होते. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, हेड नाही. त्रिकोणी रोटरच्या तीन टोकांना ॲपेक्स सील असतात, कडांना साइड सील. लोखंडी प्लेटा आणि ॲल्युमिनियमची रोटर हाउसिंग आलटून पालटून रचून लांब बोल्टांनी आवळलेली असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा असतात. ॲपेक्स सील हळूहळू झिजतात. कॉम्प्रेशन उतरत जातं, गरम इंजिन स्टार्ट व्हायला वेळ लागू लागतो, म्हणजे सूचना मिळते. रबरी रिंगांचं तसं नाही. इंजिन एकदा नीट तापलं की लोखंड आणि ॲल्युमिनियम वेगवेगळ्या मापाने फुगतात, रिंगा चेपतात, कडक होतात आणि पाणी ज्वलनकक्षात झिरपू लागतं. त्यावर उपाय एकच, इंजिन खोलणं. म्हणून जुनी रोटरी बघताना दोन गोष्टी बघायच्या: कॉम्प्रेशन किती उरलंय, आणि गाडी कधी तापली होती का. रंग, सीट, स्टिरिओ हे सगळं नंतर.

आता पिढ्यांकडे वळू.

पहिली आरएक्स-७, म्हणजे एफबी (१९७८ ते १९८५), दिसायला गोड आणि वजनाला ११०० किलोच्या आत-बाहेर. पण बहुतेकांत १२ए इंजिन, अमेरिकेत १०० अश्वशक्ती, कार्ब्युरेटर, मागे अखंड ॲक्सल आणि जुन्या पद्धतीचं रीसर्क्युलेटिंग बॉल स्टिअरिंग, ज्यात आता ढिलाई आलेलीच असते. चाकाचे नट ४ बाय ११० मापाचे (चार नट, ११० मिलिमीटरच्या वर्तुळावर) असल्याने चांगली रिमं मिळत नाहीत. १९८३ नंतरच्या १२ए गाड्यांत समोरचा ऑइल कूलर काढून पाण्यावर चालणारा छोटा कूलर दिला होता. तो ट्रॅकवर पुरत नाही, जुना सेट शोधून बसवावा लागतो. घ्यायचीच तर १९८४-८५ ची जीएसएल-एसई घ्या: १३बी इंजिन, इंधन इंजेक्शन, १३५ अश्वशक्ती आणि ४ बाय ११४.३ चं माप. मात्र चांगली जीएसएल-एसई आता हौशी संग्राहकांच्या भावात जाते. शिवाय ईशान्य अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मागच्या चाकांच्या कमानी आणि स्टिअरिंग बॉक्सजवळचा पत्रा सडलेला असेल तर तिथूनच परत फिरा.

तिसरी आरएक्स-७, म्हणजे एफडी (अमेरिकेत १९९३ ते १९९५) ही सगळ्यांच्या भिंतीवरची गाडी. २५५ अश्वशक्ती, वजन साधारण १२७० किलो, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन सस्पेन्शन. चेसिस म्हणून आजही कमालीची. तुमच्या बजेटमध्ये मात्र फक्त मोडकी मिळेल. एकामागोमाग चालणाऱ्या दोन टर्बोंचं नियंत्रण व्हॅक्यूम नळ्यांच्या जंजाळावर चालतं. त्या नळ्या आता तीस वर्षांच्या झाल्यात. प्लॅस्टिकचा एअर सेपरेटर टँक फुटतो आणि पाणी जातं. टर्बो रोटरीत एकदा जरी नॉकिंग (इंधन अवेळी भडकणं) झालं तरी ॲपेक्स सीलचा तुकडा उडतो, जाता जाता हाउसिंग खरवडतो आणि टर्बोचं चाकही घेऊन जातो. शिकाऊ ड्रायव्हरने ही जोखीम घेण्याचं कारण नाही. दुसऱ्या आरएक्स-७ च्या, म्हणजे एफसीच्या, टर्बो टू मॉडेललाही हेच लागू.

टर्बो नसलेली एफसी (१९८६ ते १९९१) मात्र विचार करण्याजोगी. १९८८ पर्यंत १४६ अश्वशक्ती, १९८९ पासून १६०, आणि रेडलाइन (इंजिनाच्या आरपीएमची मर्यादा) ७००० वरून ८००० वर गेली. चार नटांची चाकं असलेल्या साध्या गाडीत पुढे एका पिस्टनचे कॅलिपर असतात, पाच नटांच्या गाडीत ॲल्युमिनियमचे चार पिस्टनचे. पाच नटांचीच घ्या, ब्रेकचा खर्च तिथेच वाचतो. मागच्या सस्पेन्शनमध्ये माझ्दाने डीटीएसएस नावाची करामत केली होती, रबरी बुशांच्या लवचीकपणावर मागचं चाक स्वतःच थोडं वळतं. रबर म्हातारं झालं की ते मनाला येईल तसं वळतं आणि ब्रेक लावताना गाडीचा मागचा भाग भरवशाचा राहत नाही. घट्ट बुश बसवून ही हालचाल बंद करायची. भाग स्वस्त आहे, बसवायला एक शनिवार जातो.

एफसीची दोन दुखणी न बघता चालणार नाही. पहिलं इंधनाचं. फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) दाबाचे धक्के शोषणारा पल्सेशन डॅम्पर असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ तापलेल्या इंजिनावर गळतं. या कारणाने एफसी जळाल्या आहेत. गाडी घरी आली की ट्रॅकवर नेण्याआधी तो काढून साधा बँजो बोल्ट (पोकळ बोल्ट) लावा आणि सगळ्या रबरी इंधननळ्या बदला. दुसरं पाचव्या-सहाव्या पोर्टचं. हे पोर्ट, म्हणजे हवा आत घेणारी जादा भोकं, वरच्या आरपीएमला स्लीव्ह फिरून उघडतात. १९८८ पर्यंतच्या गाडीत ते एक्झॉस्टच्या दाबावर चालतात. मोकळा एक्झॉस्ट लावला की दाबच उरत नाही आणि वरची ताकद गायब होते. मग विकणारा सांगतो, ‘रोटरी अशीच असते’. स्लीव्ह हाताने फिरवून बघा, कार्बनने जाम असतील तर साफ कराव्या लागतील. वायरिंगचं प्लॅस्टिक बोटात मोडतं, तेही धरून चाला.

आरएक्स-८ का, हे एवढं वाचल्यावर लक्षात आलं असेल. २००४ ते २०११ ची गाडी, म्हणजे बुश, वायरिंग, नळ्या तुलनेने ताज्या. मॅन्युअलमध्ये २३२ ते २३८ अश्वशक्ती, रेडलाइन ९०००, पुढे डबल विशबोन, मागे मल्टिलिंक, पुढची डिस्क ३२३ मिलिमीटरची. वजन १३७० किलोच्या आसपास, पण ते पुढे-मागे जवळजवळ समान वाटलेलं. टॉर्क कमी, २१६ न्यूटन-मीटर, आणि ट्रॅक शिकणाऱ्याला तेच बरं. वळणात वेग टिकवला नाही तर सरळ रस्त्यावर गाडी तो परत देत नाही, चूक लगेच कळते. भावही पडलेला, कारण इंजिनाची बदनामी झाली आहे. ती खोटी नाही. २००४ ते २००८ च्या गाड्यांसाठी माझ्दाला अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैल इतकी वाढवावी लागली. त्याचा तुम्हाला फायदा असा की अनेक गाड्यांत कंपनीचं बदलून आलेलं इंजिन असतं. डीलरची नोंद मागा. ‘मित्राने बांधलंय’ असं इंजिन असेल तर ते संपलेलं धरून भाव करा.

ऑटोमॅटिक घेऊ नका. सुरुवातीच्या ऑटोमॅटिकला पोर्ट कमी, रेडलाइन कमी आणि ऑइल कूलरही एकच. २००९ पासूनच्या गाडीत प्रत्येक रोटरला सील ओले ठेवणाऱ्या तेलाचं तिसरं इंजेक्टर आणि ते तेल मोजून सोडणारा, विजेवर चालणारा मीटरिंग पंप आला. ती नक्कीच चांगली आहे, पण बजेटमध्ये बसली तरच. फक्त तिच्यासाठी इंजिनाचे राखीव पैसे खर्चू नका.

कॉम्प्रेशनकडे येऊ, कारण सौदा इथे ठरतो. पिस्टन इंजिनाचा साधा गेज इथे खोटं बोलतो. त्यातल्या झडपेमुळे तो रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो, एक सील मेलेलं असलं तरी दिसत नाही. रोटरी टेस्टर तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे आणि त्या वेळचा क्रँकिंग आरपीएम देतो. चाचणी इंजिन पूर्ण गरम असताना, बॅटरी भरलेली असताना, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घ्यायची. टेस्टर स्पार्क प्लगच्या भोकात बसतो. आरएक्स-८ साठी कारखान्याचे आकडे असे: २५० आरपीएमला नवं इंजिन ८३० किलोपास्कल, किमान ६८०. एकाच रोटरच्या तीन बाजूंत फरक १५० पेक्षा जास्त नको, दोन रोटरांत १०० पेक्षा जास्त नको. स्टार्टर जोरात फिरला तर आकडे फुगतात, म्हणून २५० ला दुरुस्त केलेला आकडाच मागा. ट्रॅकसाठी ७५० च्या वर असेल तर निश्चिंत घ्या. ७०० च्या आसपास असेल तर इंजिनाचे पैसे भावातून वळते करा. एफसीला किमान ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि बाजूंमधला फरक दीडच्या आत.

टेस्टर मिळेपर्यंत पहिली चाळणी फुकट करता येते. विकणाऱ्याला सांगून ठेवा की गाडी थंड ठेव. आलात आणि बॉनेट गरम लागलं तर तो काही लपवतोय असं धरा. थंड स्टार्टला मागून गोडसर वासाचा पांढरा धूर खूप वेळ येत असेल तर पाण्याच्या रिंगा गेल्या. थंड असतानाच कूलंटचं झाकण उघडून इंजिन चालू करा, बुडबुडे सतत येत राहिले तर तोच अर्थ. मग वीस मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा स्टार्ट करा. निरोगी इंजिन दोन-तीन सेकंदांत पेटतं. लांब लांब फिरवावं लागलं, किंवा पेडल दाबल्याशिवाय पेटत नसेल, तर कॉम्प्रेशन गेलंय. आरएक्स-८ मध्ये ९००० पर्यंत ओढून बघा. साधारण ३७५० आणि ६२५० च्या आसपास इनटेकच्या झडपा उघडतात. तिथे ताकद वाढण्याऐवजी गाडी लोळत असेल तर झडप कार्बनने अडकलीय किंवा एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय. तुंबलेला कन्व्हर्टर उष्णता इंजिनातच कोंडतो आणि चांगलं इंजिन मारतो. त्याचं मूळ बहुतेकदा मेलेल्या इग्निशन कॉइलमध्ये असतं: ठिणगी चुकते, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. म्हणून गाडी घेतली की चारही कॉइल, वायर आणि प्लग एकदम बदला. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात: लीडिंगला आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी. अदलाबदल करू नका, लीडिंग खालचे, ट्रेलिंग वरचे.

क्लच पेडलचा ब्रॅकेट चिरतो, पेडल बाजूला हलवून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला कर्कश आवाज येतो का ऐका. व्हीआयएन (गाडीचा ओळख) क्रमांक टाकून सरकारी साइटवर बाकी असलेले रिकॉल (कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणं) तपासा, सदोष टकाटा एअरबॅग त्यात हमखास असते.

आता तापमान. आरएक्स-८ चा काटा हा सजावटीचा भाग समजा. पाणी बरंच तापेपर्यंत तो मधोमध गप्प बसतो आणि हलला तेव्हा उशीर झालेला असतो. पहिल्या मालिकेतला (२००४ ते २००८) ऑइल प्रेशरचा काटाही खरं तर चालू-बंद स्विच आहे. ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं) स्वस्त यंत्र लावून पाण्याचं तापमान डोळ्यासमोर ठेवा आणि तेलाच्या तापमानाचा खरा गेज बसवा. रोटर तेलानेच थंड होतो, त्यामुळे इथे तेल हे निम्मं कूलंटच. पाणी १०५ अंशांच्या वर किंवा तेल १२० च्या जवळ गेलं की त्या लॅपपुरता वेग सोडा, एक थंड लॅप मारून आत या. बंपरमागचे प्लॅस्टिकचे डक्ट आणि खालचा ट्रे जागेवर आहेत ना पाहा. आधीच्या मालकाने ऑइल बदलताना ट्रे फेकून दिलेला असतो आणि मग ‘रोटरी तापते’ अशी बोंब होते. रेडिएटर जुना असेल तर तपासत बसू नका, नवा घाला. कूलंटची बाटलीही चिरते.

तेल: अमेरिकेतल्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-२० लिहिलंय, ट्रॅकसाठी ते पातळ. १०डब्ल्यू-४० किंवा उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० वापरा आणि दर दोन ट्रॅक डेंनंतर बदला, कारण रोटरीत पेट्रोल तेलात उतरतं. इंजिन स्वतःच थोडं तेल जाळतं, ते सील ओले ठेवण्यासाठीच. त्यामुळे दर सत्रानंतर डिपस्टिक बघायची. शिवाय टाकीत टू-स्ट्रोक तेल घाला. मीटरिंग पंप चालू असेल तर लिटरला ४ मिली, म्हणजे ५० लिटरला २०० मिली. पंप काढून टाकला असेल तर दुप्पट. जुनी चेतक चालवलेल्यांना हे नवं नाही, फक्त तिथे २ टक्के होतं, इथे अर्धा टक्काही नाही. जास्त घातलं तर प्लग खराब होतात.

बाकी तयारी थोडक्यात. ट्रॅकचे ब्रेक पॅड आणि ३०० अंशांच्या वर उकळणारं डॉट ४ ब्रेक फ्लुइड पहिल्या दिवसाआधी हवंच. डिस्क मूळच्या चालतात. टायर पहिल्या वर्षी साधे उन्हाळी घ्या. फार चिकट टायरांवर लांब वळणात तेल पॅनच्या एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. चिकट टायर लावायचे झाले तर आधी पॅनमध्ये बॅफल (तेल एका बाजूला जाऊ न देणारे आडवे पत्रे) बसवा. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका, वळणात पेट्रोल तुटतं आणि इंजिन त्या क्षणी कोरडं चालतं. वीस मिनिटांच्या सत्राला साधारण १२ लिटर जातात, म्हणजे दर दोन सत्रांनंतर पंपावर. मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला जाताना बाहेरच टाकी भरून घ्या. सायलेन्सर मूळचाच ठेवा. रोटरीचा आवाज फार जातो आणि आवाजाची मर्यादा असलेल्या ट्रॅकवर काळा झेंडा दाखवून बाहेर काढतात. हेल्मेटवर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एसए (मोटर रेसिंगसाठीचा) शिक्का हवा, मोटरसायकलचं हेल्मेट बहुतेक आयोजक चालवून घेत नाहीत. रोजचा विमा ट्रॅकवरचं नुकसान सहसा भरत नाही, दिवसापुरता वेगळा विमा मिळतो.

सवयी दोनच, पण त्या मोडू नका. तेल ७०-८० अंशांवर येईपर्यंत ४००० च्या वर जायचं नाही. आणि थंड इंजिन चालू करून, गाडी दोन फूट सरकवून बंद करायचं नाही. पेट्रोल साचून प्लग भिजतात आणि गाडी पुन्हा पेटत नाही. तसं झालंच तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा, त्याने इंजेक्टर बंद राहतात. पाच-सहा सेकंदांनी पाय काढा.

पुण्याला नेण्याचं: नाही जमणार. भारतात आयात होणारी वापरलेली गाडी तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. अमेरिकेतली आरएक्स-८ दोन्हींत नापास. परतताना ती इथेच विकावी लागेल, म्हणून दर वर्षी हंगाम संपला की एकदा टेस्टरवर कॉम्प्रेशन मोजून तारखेसकट कागद जपून ठेवा. सहा आकडे वर्षागणिक कसे उतरतायत ते तुम्हालाही इंजिन कधी खोलायचं हे सांगतील, आणि घेणाऱ्यालाही तो कागद नव्या रंगापेक्षा जास्त पटेल.